पडद्यावरचा राक्षस 'मोठा' नक्की कशामुळे वाटतो?

जुनी_रीळ
गेल्या आठवड्यात लागोपाठ तीन रात्री जागून तीन गॉडझिला बघितले. १९५४ चा पहिला जपानी, २०१४ चा हॉलिवूडवाला आणि २०२३ चा 'मायनस वन'. तिन्ही आधी बघितलेले होते, पण असे एकापाठोपाठ कधीच नाही. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा.

पहिला गॉडझिला (जपानीत गोजिरा) ५० मीटर उंच. २०१४ चा १०८ मीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. मग मला पहिलाच जास्त मोठा का वाटतो? काळा-पांढरा सिनेमा, आत रबराचा सूट घातलेला माणूस, बिल्डिंग मॉडेलच्या, हे सगळं माहीत असून तो टोकियोत शिरतो तेव्हा पोटात गोळा येतो तो येतोच. आणि काही नवीन सिनेमांत दोनदोनशे मजली वाटावेत असे प्राणी एकमेकांना धोपटत असतात तरी मी आरामात बसून बघतो.

तर सांगा, तुम्हाला पडद्यावरचा प्राणी मोठा कशामुळे वाटतो? नुसतं 'दिग्दर्शकामुळे' असं नको, एखादा सीन सांगा. मी वीस-पंचवीस वर्षं हे सिनेमे बघतोय आणि अजून पोट भरलेलं नाही, त्यामुळे कितीही मोठा प्रतिसाद चालेल.

शेवटचा_बाक
आवाज. इयरफोन लावून बघणाऱ्यांनी अर्धा राक्षस बघितलेलाच नसतो.

मधली_सुट्टी
धाग्याशी संबंध नाही पण लहानपणी पहिल्यांदा 'गोजिरा' ऐकलं तेव्हा मला साजिरा-गोजिरामधलाच वाटला होता 😄 एवढं धूड, शहर तुडवतंय, आणि नाव गोजिरा! मग कळलं की जपानीतला गोरिरा म्हणजे गोरिला आणि कुजिरा म्हणजे देवमासा, दोन्ही जोडून केलेलं नाव आहे. माझी मुलगी अजून त्याला साजिरा म्हणते आणि मी तिला दुरुस्त करत नाही.

गणितवेडी
@जुनी_रीळ, तुमच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर गणितात आहे. थोडं लांबेल.

आपला मेंदू वस्तू केवढी आहे हे ती किती वेळात पडते त्यावरून ओळखतो. ५० मीटरवरून दगड सोडला तर खाली यायला साधारण ३.२ सेकंद लागतात. १९५४ च्या सिनेमातली मॉडेल्स १/२५ मापाची होती, म्हणजे ५० मीटरचे झाले २ मीटर, बरोबर सूट घातलेल्या माणसाएवढे. २ मीटरवरून दगड पडायला लागतात ०.६४ सेकंद. गुरुत्वाकर्षणाला थोडीच कळतं की हे मॉडेल आहे, ते आपल्या वेगानेच खेचणार. मग ती भिंत खेळण्यातल्या भिंतीसारखी पटकन पडते आणि पितळ उघडं पडतं.

३.२ ला ०.६४ ने भागा, उत्तर ५. म्हणजे कॅमेरा पाचपट वेगाने चालवायचा आणि सेकंदाला नेहमीच्या २४ फ्रेमने दाखवायचं, की तीच भिंत पन्नास मीटरची होऊन पडते. नियम सोपा आहे, मापाचं वर्गमूळ काढायचं. २५ चं ५. एइजी त्सुबुराया हे स्पेशल इफेक्ट्सवाले गृहस्थ हीच युक्ती वापरायचे, कॅमेरा वेगाने चालवायचा. त्यामुळे सूटमधल्या माणसाची चालही आपोआप जड व्हायची. ते दडपण सगळं त्या वर्गमुळातून आलेलं आहे, आणि मला ही गोष्ट इतकी सुंदर वाटते की पहिल्यांदा गणित करून बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पाणी मात्र ऐकत नाही. लाटेचं मॉडेल करता येतं पण थेंब लहान करता येत नाहीत, त्यामुळे जुन्या सिनेमांत जहाज बुडतं तेव्हा थेंब लिंबाएवढे दिसतात. तिथेच मापाचा घोळ पकडला जातो.

जुनी_रीळ
@गणितवेडी ताई, या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. थेंबांचं तर मी इतकी वर्षं बघत होतो आणि 'काहीतरी चुकतंय' एवढंच वाटायचं.

पाणघोडा
गणिताचा विषय निघालाच आहे तर पूर्ण गणित करा की. प्राणी २५ पट उंच झाला की वजन २५ चा घन, म्हणजे १५,६२५ पट वाढतं. हाडांची जाडी, म्हणजे काप घेतल्यावर दिसणारं क्षेत्रफळ, फक्त ६२५ पट. प्रत्येक हाडावर २५ पट जास्त भार. पहिलं पाऊल टाकतानाच मांड्या मोडतील. गॅलिलिओने हे १६३८ साली लिहून ठेवलंय. आणि सिनेमा काढणाऱ्या तोहो कंपनीने तर पहिल्या गोजिराचं वजन २०,००० टन दिलंय! निळा देवमासा दीडशे टनांच्या आसपास जातो तो पाणी पेलून धरतं म्हणून, किनाऱ्यावर आला की स्वतःच्याच वजनाने गुदमरतो.

मला हे सिनेमे आवडतात, सगळे बघतो. पण यांना विज्ञानकथा म्हणू नका. परीकथा म्हणा, माझी काहीच हरकत नाही.

शून्यप्रहर
पाणघोडा, अंशतः सहमत. गणित बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. एक अशक्य गोष्ट मान्य करायची आणि तिच्यापुढे सगळं प्रामाणिकपणे चालवायचं, ही तर विज्ञानकथेची जुनी रीत. काळयंत्र तरी कुठे शक्य आहे?

(ज्यांनी १९५४ चा बघितला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्या.)

त्यातला डॉ. सेरिझावा आठवा. त्याच्याकडे पाण्यातला ऑक्सिजन नष्ट करणारा शोध आहे, गोजिराला मारू शकणारी ती एकच गोष्ट. पण त्याला ठाऊक आहे की एकदा वापरलं की जगातलं प्रत्येक सरकार ते अस्त्र मागणार. म्हणून तो आपली कागदपत्रं जाळतो आणि वापरायला स्वतः समुद्रात उतरतो तो परत येत नाही. संशोधकाने आपल्या शोधाचं काय करायचं, यापेक्षा मोठा विज्ञानकथेचा प्रश्न मला तरी माहीत नाही. मांड्या मोडतील की नाही हा त्यापुढे लहान मुद्दा आहे.

पाणघोडा
सेरिझावाचा मुद्दा मान्य. मांड्यांचा मागे घेत नाही.

मधली_सुट्टी
'मांड्यांचा मुद्दा मागे घेत नाही' 😂😂 हे वाक्य मी वापरणार आहे.

टेकडीपलीकडे
बऱ्याच दिवसांनी लिहितेय. माझं उत्तर सगळ्यांपेक्षा वेगळं असेल कदाचित.

मी आठ-नऊ वर्षांची असताना बाबांसोबत पहिला गोजिरा बघितला, छोट्या टीव्हीवर, रात्री, अंगावर पांघरूण घेऊन. मला वाटलं होतं मज्जा येईल, प्राणी बिल्डिंगा पाडणार. सुरुवातीला एका बोटीवरचे खलाशी डेकवर निवांत बसलेत, एकदम समुद्रातून पांढरा झोत उठतो आणि बोट पेटते. तिथे बाबांनी सिनेमा थांबवला आणि म्हणाले, ही गोष्ट खरी आहे. मी म्हटलं राक्षस खरा आहे? तर म्हणाले नाही, बोट खरी आहे.

मग त्यांनी सांगितलं. १ मार्च १९५४, बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, स्फोट अंदाजापेक्षा दुपटीहून मोठा झाला, १५ मेगाटन. दूरवर एक जपानी मासेमारी बोट होती, दाइगो फुकुर्यू मारू, २३ जण. त्यांच्यावर पांढरी राख पडत राहिली, त्यांना ती काय आहे हेही माहीत नव्हतं. बोटीचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये गेला. आणि सिनेमा लागला ३ नोव्हेंबरला. म्हणजे थिएटरात बसलेल्या प्रत्येकाने ती बातमी त्याच वर्षी वाचलेली होती. हिरोशिमा-नागासाकीला तर नऊच वर्षं झाली होती. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धावरून परतताना हिरोशिमातून गेले होते, त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं.

त्यामुळे मला त्या सिनेमात मोठा वाटतो तो प्राणी नाहीच. एक आई आहे, दोन-तीन लेकरांना जवळ घेऊन भिंतीशी बसलीय, आजूबाजूला आग, आणि ती मुलांना सांगते, आता आपण लवकरच बाबांकडे जाणार. बस, तेवढंच. गोजिरा त्या क्षणी फ्रेममध्येही नसतो. मी आज दोन मुलांची आई आहे आणि तो सीन मला अजून सलग बघवत नाही. हॉस्पिटलमधलं ते लहान मूल, ज्याच्याजवळ किरणोत्सर्ग मोजण्याचं यंत्र नेलं की ते टकटक वाजायला लागतं, तेही तसंच.

@जुनी_रीळ, तुम्ही ५० मीटर आणि १०८ मीटर म्हणताय, पण त्या आईच्या बाजूने बघा. तिथून वर बघितलं की टोक दिसतच नाही.

जुनी_रीळ
@टेकडीपलीकडे, काय लिहू यावर. बाबांना माझा नमस्कार सांगा.

टेकडीपलीकडे
बाबा नाहीयेत आता. पण सांगितला असं समजा.

कासवगती
टेकडीताईंच्या प्रतिसादानंतर तांत्रिक बोलणं जड जातंय, तरी बोलतो, कारण नव्या सिनेमांवर अन्याय होतोय.

२०१४ च्या गॉडझिलातली ती उडी आठवा. सैनिक विमानातून ढगांत उड्या मारतात, प्रत्येकाच्या पायाला लाल धुराची नळी, मागे संगीतकार लिगेटीचं ते अंगावर येणारं कोरस, आणि खाली पडता पडता एका सैनिकाच्या काचेतून आपल्याला त्या प्राण्याची पाठ दिसते. पडतोय, पडतोय, पाठ संपतच नाही. हा सीन सूटमध्ये कधीच झाला नसता. त्याचा दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स, त्याने आधी २०१० मध्ये अगदी थोड्या माणसांत एक धूडपट केला होता, त्यातले इफेक्ट्स त्याने स्वतः बसून केले होते. प्राणी कमीत कमी दाखवून मोठा कसा वाटेल हे त्याला तेव्हाच जमलं होतं. दोन तासांच्या सिनेमात गॉडझिला जेमतेम आठ-दहा मिनिटं दिसतो म्हणून लोक चिडले. माझ्या मते तेच त्याचं बळ.

कॉम्प्युटर वाईट नाही. कॉम्प्युटरमुळे कॅमेरा कुठेही उडवता येतो ते वाईट. राक्षसाच्या नाकासमोर जाऊन कॅमेरा थांबला की राक्षस खोलीत मावणारा झाला.

मधली_सुट्टी
धूडपट!!! हा शब्द कुठून काढलात कासवदादा? कैजू सिनेमांना, म्हणजे या राक्षसांच्या सिनेमांना, मराठीत काय म्हणायचं हा प्रश्नच सुटला.

कासवगती
तुमच्याच 'एवढं धूड'वरून सुचला. श्रेय तुमचं.

शून्यप्रहर
कैजूचा जपानी अर्थ 'विचित्र प्राणी' असा आहे, त्यात मोठेपणा येत नाही. त्या हिशोबाने धूडपट मूळ शब्दापेक्षा सरस झालाय. आजपासून हाच वापरायचा.

जुनी_रीळ
कासवगती, कॅमेऱ्याचा मुद्दा शंभर टक्के पटला. जमिनीवर उभा असलेला माणूस जिथून बघू शकेल तिथेच कॅमेरा ठेवला की काम होतं.

गणितवेडी
+१. 'नाकासमोर कॅमेरा' हे मी भिंतीवर लिहून ठेवणार.

रात्रपाळी
मला काँगबद्दल बोलायचंय, कोणी नावच काढलं नाही. १९३३ चा किंग काँग. विलिस ओब्रायनने हातभर उंचीची बाहुली एकेक फ्रेम हलवून केलेला. गंमत म्हणजे त्यात काँगची उंची एक नाहीच! बेटावर तो साधारण १८ फुटांचा धरलाय आणि न्यूयॉर्कला आल्यावर २४ फुटांचा, कारण तिथल्या इमारतींपुढे १८ फुटी माकड बारकं दिसलं असतं. किती जणांना हे खटकलं? मला तरी दहा वेळा बघून कळलं नव्हतं, वाचलं तेव्हा कळलं.

बाहुलीच्या अंगावर सशाची फर होती, प्रत्येक फ्रेमला हात लावताना ती विस्कटायची, त्यामुळे पडद्यावर काँगचे केस सारखे सळसळताना दिसतात. चूकच खरं तर, पण तो रागाने फुलल्यासारखा वाटतो. आणि शेवटी तो छातीवरच्या गोळ्यांच्या जखमेला बोट लावून ते बोट बघतो. त्याला कळतच नाही आपल्याला काय झालंय. चोवीस फूट म्हणजे काय हो, दोन-अडीच मजले. पण मला तो गॉडझिलाइतकाच मोठा वाटतो.

पाणघोडा
काँगच्या मांड्या मात्र टिकतील कदाचित.

रात्रपाळी
पाणघोडा 😄

आता उंचीचंच निघालंय तर, १९६२ मध्ये काँग आणि गॉडझिलाची लढत लावली तेव्हा जपान्यांनी काँगला थेट ४५ मीटर केला, नाहीतर लढत कसली. आणि गॉडझिलाही वाढत गेला. १९८४ मध्ये ८० मीटर, १९९१ मध्ये १०० मीटर, २०१६ च्या शिन गॉडझिलात ११८.५. कारण टोकियोच्या इमारती उंच होत गेल्या, पन्नास मीटरचा प्राणी त्यांच्या मागे लपला असता.

जुनी_रीळ
आणि 'मायनस वन'मध्ये परत ५०.१! हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सिनेमा युद्ध संपल्यावरच्या टोकियोत घडतो, शहर जळून सपाट झालेलं, झोपड्या आणि जेमतेम उभ्या राहिलेल्या इमारती. तिथे पन्नास मीटर म्हणजे आभाळच. ताकाशी यामाझाकीने दिग्दर्शनाबरोबर इफेक्ट्सचं कामही स्वतः बघितलं, ३५ जणांची टीम, ६१० शॉट्स, आणि ऑस्कर घेऊन गेले इफेक्ट्सचं. त्या रात्री मी घरात उड्या मारल्या होत्या.

नवा_पाहुणा
मी फक्त नवीन हॉलिवूडवाले बघितलेत. कुठून सुरू करू?

शेवटचा_बाक
१९५४. जपानीच, सबटायटल लावून. १९५६ ची अमेरिकन आवृत्ती आधी बघू नकोस, त्यात रेमंड बर या अमेरिकन नटाला पत्रकार म्हणून मधे घुसवलंय आणि बॉम्बबद्दलचं बरंच काढून टाकलंय.

टेकडीपलीकडे
+१. आगगाडीत बसलेली एक बाई म्हणते, मी नागासाकीतून कशीबशी वाचले आणि आता हे. ते वाक्य ऐकण्यासाठी तरी मूळ बघ.

शेवटचा_बाक
माझा आवाजाचा मुद्दा कोणी उचललाच नाही त्यामुळे मीच उचलतो. पहिल्या गोजिराची डरकाळी कुठल्याच प्राण्याची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बेसच्या तारा सैल केल्या आणि राळ लावलेला चामड्याचा हातमोजा त्यावरून घासला. मग तो आवाज टेपवर हळू-जलद करून घेतला. त्या आधी प्राण्यांचे आवाज वापरून बघितले होते, जमले नाहीत. म्हणून ती डरकाळी रडल्यासारखी वाटते, घासलेल्या तारेला ती कळ असते.

आणि थिएटरात खालचे सूर कानाला कमी आणि छातीला जास्त लागतात. हत्ती एकमेकांशी आपल्याला ऐकू न येणाऱ्या खोल आवाजात बोलतात. खोल आवाज म्हणजे मोठं शरीर, हे कुणी शिकवावं लागत नाही. १९९३ च्या जुरासिक पार्कमध्ये डायनासोर यायच्या आधी पाण्याच्या ग्लासात वलयं उठतात, ती गाडीत गिटारची तार लावून उठवलेली. प्राणी नाही, आवाजही जेमतेम, नुसतं पाणी हलतंय. आणि अख्खं थिएटर श्वास धरून.

कासवगती
म्हणजे परत तेच, न दाखवणं.

शून्यप्रहर
इथे मी अडतो. न दाखवणं हा नियम नाही. बोंग जून-होचा 'द होस्ट' (२००६) बघा. सोलमधली हान नदी, भर दुपार, लोक काठावर मजेत बसलेत, आणि सिनेमा सुरू होऊन फार वेळ झालेला नसताना तो प्राणी सगळ्यांसमोर काठावर धावत येतो. लपवाछपवी नाही, अंधार नाही, पाऊस नाही. आकारही फार नाही, एखाद्या ट्रकएवढा. तरी मी खुर्चीला धरून बसलो होतो. कारण तो धावताना घसरतो, पाय अडकतात, वळताना स्वतःचं वजन आवरत नाही. वजन दिसलं की पुरे.

गणितवेडी
घसरतो! बरोबर. ज्याला वजन आहे त्याला थांबायला वेळ लागतो. नव्या धूडपटांत शंभर मीटरचे प्राणी पैलवानासारखे झटकन वळतात तिथे माझं लक्ष उडतं. मज्जातंतूंचा संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे शंभर मीटरच्या प्राण्याला शेपटीवर कोणी पाय दिला हे कळायलाच एक सेकंद लागेल.

मधली_सुट्टी
शेपटीवर पाय देणाऱ्याला पळायला एक सेकंद मिळाला म्हणायचा.

रात्रपाळी
सूटमधल्या माणसाबद्दल कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. हारुओ नाकाजिमा. पहिला सूट जवळजवळ शंभर किलोचा, आत हवा नाही, वरून स्टुडिओचे दिवे. त्यांनी प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं कशी चालतात ते बघितलं आणि तशी पावलं बसवली. १९५४ पासून १९७२ पर्यंत ते गॉडझिला होते. २०१७ मध्ये गेले. @शून्यप्रहर, तुमचं 'वजन दिसलं की पुरे' वाचून तेच आठवले. पहिल्या गोजिराचं वजन खोटं नव्हतंच, तो माणूस खरोखर जड सूट उचलून चालत होता.

गणितवेडी
हे माझ्या गणितात नव्हतं. मान्य.

जुनी_रीळ
काल रात्री हे सगळे प्रतिसाद पुन्हा वाचून पहिला गोजिरा परत लावला. दिवे बंद, आवाज मोठा (शेवटचा_बाक, तुमच्यासाठी).

ओडो बेटावरचा सीन. साधारण वीस-बावीस मिनिटं झालेली असतात, तोवर जळत्या बोटी, रात्रीचं वादळ, किरणोत्सर्गी पाऊलखुणा एवढंच दिसलंय. मग धोक्याची घंटा वाजते आणि गावकरी पळत सुटतात. मी इतक्या वर्षांत हे नीट बघितलंच नव्हतं, ते टेकडीकडे पळतात. वर. कोणाच्या हातात काठ्या, कोणाच्या हातात आणखी काही, सगळे दाटीवाटीने चढतायत. आणि टेकडीच्या पलीकडून डोकं वर येतं. फक्त डोकं आणि खांदा. मग सगळे उलटे खाली पळतात, पडतात, एकमेकांवर आदळतात.

तीन वेळा मागे नेऊन बघितला. गणितवेडी ताईंचं पडणं मोजलं, कासवगतींचा कॅमेरा बघितला, तो खाली माणसांतच उभा आहे. पण मला धरून ठेवलं ते त्या चढण्याने. ती माणसं टेकडीएवढ्या गोष्टीची तयारी करून आली होती, काठ्या घेऊन. टेकडी हे त्यांच्या गावातलं सगळ्यात उंच ठिकाण, आणि तो तिच्यावरून वाकून बघतो.

@टेकडीपलीकडे, तुमचं नाव यावरूनच आहे का?

टेकडीपलीकडे
हो. तुम्ही पहिले ओळखणारे.

नवा_पाहुणा
आत्ता लावलाय. बोट पेटली.